खेकड्यावाला बोर्ड

“हे भोक मोठं दिसून राह्यलं जी,” मैना म्हणाली.

माऊसवरचा हात न काढता मी विचारलं, “कोणतं भोक?”

“तो मधातला खेकडा नाई का, त्याच्या उजव्या बाजूले. बाकीची भोकं सारखी आहेत, हे एकटंच मोठं आहे. मधातली तार गेली तिथली.”

सकाळचे पावणेअकरा झाले होते आणि अकराला लाइट जाणार होती. २००७ सालच्या एप्रिलमध्ये आमच्या आरमोरीत एसटी एखादवेळी चुकायची, पण लाइट जायची वेळ कधी चुकली नाही. चाळीसपैकी सव्वीस बोर्ड माझे तपासून झाले होते, सत्ताविसावा पडद्यावर होता. आणि माझी बायको खोलीच्या दुसऱ्या टोकाला, दाराच्या चौकटीला मासोळीचं जाळं बांधून, त्याची फाटलेली घरं सांधता सांधता मला माझं काम शिकवत होती.

ते काम काय होतं ते आधी सांगतो. मी हेमराज भानारकर, टीव्ही-रेडिओचा मेकॅनिक. बाजाररस्त्यावर माझं वीस वर्षांचं दुकान. पण त्या दिवसांत मी अर्धा दिवस दुकानाला कुलूप लावून पुण्याच्या एका कंपनीचं सॉफ्टवेअर तपासत होतो आणि हे भेटेल त्याला सांगत होतो. शेजारी अयूबभाईंचं टेलरिंगचं दुकान. त्यांना तर इतक्यांदा सांगितलं की शेवटी कात्री बाजूला ठेवून ते म्हणाले, “हेमराजभाऊ, पुणेवाल्यांनी तुमाले मालकच करून टाकलं दिसते.” मी त्यावरही खूश झालो. हरभऱ्याच्या झाडावर मला कुणी चढवावं लागत नसे, मी आपला आपण चढून बसत असे.

टीव्ही उघडला की आत एक पाटी दिसते. तिच्यावर तांब्याच्या बारीक रेघा असतात आणि त्या रेघांवरून करंट फिरतो. ही पाटी, म्हणजे सर्किट बोर्ड, कारखान्यात बनण्याआधी कॉम्प्युटरवर काढतात. ती काढायचं सॉफ्टवेअर बनवणाऱ्या कंपनीत आमची एकुलती एक रुपाली कामाला होती. ती तिथवर पोचली यात माझा वाटा नाही. मी म्हटलं होतं, पोरीच्या जातीला बारावी पुष्कळ झाली. मैनेनं माझ्याशी वाद घातला नाही, ती घालतच नसे. तिनं पोरीची पेटी भरली आणि गडचिरोलीच्या गाडीत बसवून पॉलिटेक्निकच्या होस्टेलला पोचवून आली. मला दुपारी जेवायला घरी आल्यावर कळलं.

मार्चमध्ये रुपालीचा फोन आला होता. त्यांच्या सॉफ्टवेअरचं नवं व्हर्जन निघणार होतं.

“बाबा, आतापर्यंत बोर्डाचं चित्र कॉम्प्युटरची मुख्य चिपच काढत होती,” तिनं मला समजावलं. “हिशेब तिनंच करायचा, चित्रही तिनंच काढायचं. एकाच बाईनं स्वयंपाक, पाणी, भांडी सगळं करावं तसं. म्हणून मोठा बोर्ड सरकवला की चित्र अडखळत यायचं. आता चित्राचं काम ग्राफिक्स कार्डावर टाकलं. ते त्याच कामासाठी असतं, भराभर काढतं.”

मी हे मैनेला सांगितलं. ती म्हणाली, “मंग त्या पहिल्या बाईले बरं झालं.”

आता हे नवं चित्र जुन्या चित्रासारखंच हुबेहूब येतं का, हे वेगवेगळ्या मशीनवर तपासायचं काम रुपालीकडे होतं. ऑफिसात सगळी कार्डं नवी आणि महागडी. तिनं आम्हाला घेऊन दिलेल्या जुन्या कॉम्प्युटरमध्ये होतं तसलं स्वस्त कार्ड तिथे एकाकडेही नव्हतं, आणि लहानसहान गिऱ्हाइकांकडे तर तेच असायचं. म्हणून तिनं कुरिअरनं सीडी पाठवली. चाळीस बोर्ड. प्रत्येक बोर्ड उघडायचा, एक बटण दाबलं की चित्र जुन्या पद्धतीनं येई, पुन्हा दाबलं की नव्या. आधी सगळा बोर्ड एकदम पडद्यावर घेऊन पाहायचा, मग जरा मोठा करून, मग अगदी जवळून. दोन्ही चित्रं सारखी असली तर वहीत ‘ठीक’ लिहायचं, नसली तर काय वेगळं दिसलं ते.

“नीट पाहा हं बाबा,” ती म्हणाली होती. “मी कॉन्ट्रॅक्टवर आहे. हे व्हर्जन बिनतक्रार गेलं तर मला पर्मनंट करतील.”

मैना चौथी शिकलेली. वैनगंगेकाठच्या ढिवराची, मासे धरणाऱ्याची लेक. आमच्या तलावावरच्या मच्छीमार संस्थेची जाळी सांधायचं काम तिच्याकडे असे. बोर्डांची इंग्रजी नावं तिला वाचता येत नव्हती, म्हणून तिनं आपली नावं पाडली. एक मांगूर मासा होता, एक कासव, एक नुसताच कचरा. सत्ताविसाव्या बोर्डाच्या मधोमध एक चौकोनी चिप होती आणि तिला चारी बाजूंनी पाय. म्हणून तो खेकडा. मला आधी हसू येई, मग मीही मनातल्या मनात तीच नावं घ्यायला लागलो. तिला मात्र हे सांगितलं नाही.

तर तिनं भोक मोठं दिसतंय म्हटल्यावर मी पडद्याजवळ वीतभर अंतरावर डोळे नेले. मला काही दिसेना. मी चित्र मोठं केलं. खेकड्याच्या उजव्या पायाशेजारून बारीक रेघ सरळ खाली गेलेली होती.

“आहे ना इथी तार,” मी म्हटलं.

“आता दिसली. आंधी नव्हती.”

“मोठं केलं तं दिसली. म्हंजे आहे. लहान असतानी पडद्यावर दिसत नसंन.”

“जुन्यात लहान असतानीही दिसत होती ना जी. तुमी बटण दाबलं, अन् गेली.” तिनं हातातली बांबूची सुई जाळ्यातच खोचून ठेवली. “जवळून जाळं पाह्यलं तं गाठच दिसते, भोक नाई दिसत. इथी येऊन पाहा. दुरून.”

जाळं तपासताना मैना सूत पाहायची नाही. जाळं हातभर लांब उजेडात धरायची आणि सगळी भोकं एका नजरेत घ्यायची. एखादं शेजारच्यांपेक्षा मोठं दिसलं की तिथे धागा तुटलेला. बोर्डही ती तसाच पाहत होती. हे मला तेव्हा माहीत नव्हतं असं नाही. लग्नापासून मी तिला जाळं उजेडात धरताना पाहत होतो.

पण मी मेकॅनिक होतो. वीस वर्षं माझ्या दुकानात माणूस यायचा, म्हणायचा चित्र जाते. मी मागून एक थाप मारायचो, चित्र यायचं, आणि मी म्हणायचो, हे पाहा, आलं, न्या. पुन्हा जाईल तेव्हा पुन्हा पाहू. चित्र दिसलं की तक्रार मिटली, हा माझा धर्म. रेघ मला दिसली होती. माझ्यापुरतं काम झालं होतं.

“मैना, हे जाळं नाई,” मी म्हटलं. “हे पुण्याचं काम होय. तुले यातलं काय समजते? चूप बस अन् आपलं काम कर.”

उठून दारापर्यंत जायला मला सहा पावलं लागली असती. मी उठलो नाही. वहीत सत्तावीस आकड्यापुढे ‘ठीक’ लिहिलं, तारीख टाकली, १९ एप्रिल, आणि अठ्ठाविसावा बोर्ड उघडेस्तोवर लाइट गेली.

संध्याकाळी सातला रुपालीचा फोन आला. मी वही उघडून एकेका बोर्डाचं सांगू लागलो. मैना पदराला हात पुसत शेजारी येऊन उभी राहिली. सव्विसाव्यावर आलो तसा तिनं माझ्या बाहीला हात लावला.

“खेकड्याचं सांगा ना.”

मी फोनवर तळवा ठेवून म्हटलं, “सांगून राह्यलो ना.” मग तिच्याकडे पाठ करून तळवा काढला आणि हळूच म्हटलं, “सत्तावीस, ठीक.”

आमच्या घरात फोनची वाटणी ठरलेली होती. कामाचं बोलायचं ते मी, जेवणाखाणाचं बोलायचं ते तिनं. मी फोन तिच्या हातात देऊ लागलो तेव्हा तिनं मला हळूच विचारलं, “सांगतलं?”

“सांगतलं. पाहून घेते म्हणते.”

तिचा चेहरा उजळला. खोटं नाही सांगत, खरंच उजळला. पोरीच्या कामात तिचा काहीतरी उपयोग झाला होता. मग ती रुपालीला जेवली का, खोलीत उंदीर आहेत का, केसाला तेल लावते का, हेच विचारत राहिली. मला त्या वेळी आपण खोटं बोललो असंही वाटलं नाही. बायकोची समजूत काढली, एवढंच वाटलं.

महिन्याभरानं, तेंदूपत्त्याच्या दिवसांत, भात वाढता वाढता तिनं विचारलं, “त्या खेकड्याची तार लावली का जी पोरीनं?”

“लावली,” मी म्हटलं आणि वरण मागितलं.

जूनअखेर व्हर्जन निघालं. मी बाजारात पेढे वाटले. मैनेनं एक पेढा देवापुढे ठेवला आणि अर्धा खाल्ला.

पुढचं सांगायला मला आवडत नाही, पण सांगितलं पाहिजे. पोळ्याच्या आधीच्या आठवड्यात तिला थंडी वाजून ताप आला. तलाव भरलेला, संस्थेची जाळी निघालेली, रोज पाण्याकाठी जाणं. मी औषधाच्या दुकानातून गोळी आणून दिली. संध्याकाळी ताप उतरला. एक दिवस सोडून पुन्हा आला. ती म्हणाली, “डोक्यात कसंतरी करून राह्यलं जी.” मी म्हटलं, “तापानं होते, उतरंन.” आणि दुसऱ्या दिवशी तिनं भात टाकलाही. पाचव्या दिवशी सकाळी ती न्हाणीकडे म्हणून उठली आणि भिंतीत दार शोधायला लागली.

अयूबभाईंनी जीप आणली. गडचिरोलीला पोचेपर्यंत ती माझ्या मांडीवर होती. डॉक्टर म्हणाले, मलेरिया मेंदूत गेला आहे, दोन दिवस आधी आणायचं होतं. मी त्यांना दोष देत नाही. दवाखान्यानं करायचं ते सगळं केलं. उशीर घरी झाला होता आणि तो मी केला होता.

रुपाली दुसऱ्या दिवशी पुण्याहून आली. नागपूरला उतरून दोन गाड्या बदलून. ती रात्रंदिवस आईच्या उशाशी बसली, मी औषधं आणायला, रिपोर्ट आणायला धावत राहिलो. पोळ्याच्या आदल्या दिवशी सकाळी मैना गेली. घरी आणताना रस्त्यात बैलांची शिंगं रंगवायचं काम चाललेलं होतं आणि जीप पाहून लोक ब्रश हातात धरूनच उभे राहत होते.

तेरावं झालं. पाहुणे गेले. रुपालीच्या बॅगेला हात लागेना.

एका सकाळी मी विचारलं, “पोरी, सुट्टी किती दिवसाची?”

“सुट्टी नाई बाबा.” ती तांदूळ निवडत होती. “माझं कॉन्ट्रॅक्ट ऑगस्टात संपलं. त्याईनं वाढवलं नाई.”

“काऊन?” मी विचारलं.

“व्हर्जन गेल्यावर जुलैत तक्रार आली,” ती खाली मान घालून सांगू लागली. “एका गिऱ्हाइकाच्या पडद्यावर बोर्डाची एक रेघ दिसतच नव्हती. त्यांच्या माणसाले वाटलं जागा रिकामी आहे. त्यानं तिथून दुसरी रेघ नेली. शेवटची तपासणीही कोणी धड केली नाई. बोर्ड बनून आले अन् सारे वाया गेले. मंग मले विचारलं, असल्या कार्डावर टेस्टिंग कोणी केलं होतं?”

“मंग?”

“मी म्हटलं, मीच केलं.”

“माझं नाव काऊन नाई सांगतलं?”

“काय सांगू? माझ्या बाबानं घरी बसून केलं, असं?” ती जराशी हसली. “सही माझीच होती बाबा. मी सांगणारच होते तुमाले, पण फोनवर नाई. आईले वाईट वाटलं असतं. घरी येऊन सांगणार होते.”

कोणता बोर्ड, हे मी विचारलं नाही. विचारायची हिंमत झाली नाही.

तांदूळ निवडून झाल्यावर ती कॉम्प्युटरपुढे बसली. बॅगेतून एक सीडी काढली. कंपनीनं सुधारणा करून नवं व्हर्जन काढलं होतं, पण रेघ नेमकी कशानं जाते हे तिथे अजून कुणाला उमगलं नव्हतं. आमच्यासारखं कार्ड त्यांना अजूनही मिळालं नव्हतं.

“तुले ठेवलं नाई त्याईनं,” मी म्हटलं. “मंग तू कायले डोळे फोडून राह्यली?”

“दिसलं तं सांगा लागते ना बाबा.”

ती हे सहज बोलली. माझ्यासाठी बोलली नव्हती, तरी ते माझ्यावरच येऊन पडलं. ही पोर माझ्यावर गेली असं मी गावभर सांगत फिरायचो. ती कुणावर गेली होती ते त्या सकाळी कळलं.

तिनं सत्ताविसावा बोर्ड उघडला. सगळा एकदम पडद्यावर घेतला. बटण दाबलं, पुन्हा दाबलं, पुन्हा दाबलं. मग खुर्ची मागे सरकवली आणि मान तिरकी केली.

“हे पाहा. गेली,” ती म्हणाली. “जुन्यात आहे, नव्यात नाई. सुधारलं म्हणतात तरी जातेच आहे. पूर्ण बोर्ड घेतला की ही रेघ पडद्याच्या एका ठिपक्याहून बारीक होते, अन् हे कार्ड तिले सोडूनच देते. मोठं केलं की परत येते.” आणि मग माझ्याकडे वळून, आवाज अजिबात न चढवता, तिनं विचारलं, “बाबा, एप्रिलमध्ये तुमाले हे दिसलं नव्हतं का?”

नाही दिसलं, असं मी म्हणू शकलो असतो. ते खरंही होतं, मला नव्हतंच दिसलं. तेवढ्यावर ती गप्प बसली असती, म्हणाली असती, जाऊ द्या, डोळ्यांना दिसण्यासारखं नव्हतंच. भिंतीवर मैनेचा हार घातलेला फोटो होता, पण माझी नजर तिकडे गेली नाही. माझी नजर दाराकडे गेली. तिथे चौकटीला आता जाळं नव्हतं.

“मले नाई दिसलं,” मी म्हटलं. “तुझ्या आईले दिसलं होतं.”

मग मी सगळं सांगितलं. मोठं भोक, दुरून पाहा म्हणाली ते, मी उठलो नाही ते, वहीत ‘ठीक’ लिहिलं ते. फोनवर तळवा ठेवला ते सांगितलं. “मी तिले म्हटलं, पोरीले सांगतलं. पुढं म्हटलं, तार लावली पोरीनं. ती मले विचारत राह्यली अन् मी तिले हेच सांगत राह्यलो.”

रुपालीनं कीबोर्डवरचे हात काढून मांडीवर ठेवले.

“खेकडा म्हणत होती का ती याले?” तिनं विचारलं.

“हाव. हे पाय आहेत ना चारी बाजूनं, म्हणून. तुले कसं माहीत?”

तिनं पडद्यावर खेकड्याच्या पायांवरून बोट फिरवलं.

“दवाखान्यात,” ती म्हणाली, “तुमी औषधं आणायले गेले होते. तिनं डोळे उघडले. मले ओळखलं. म्हणाली, रुपा, खेकड्याची तार लावली ना वं? मी म्हटलं, कोणता खेकडा माय? तं परत तेच. खेकड्याची तार लावली ना? मले वाटलं, ताप डोक्यात गेला. मी म्हटलं, इथी कुठी खेकडा, माय, तू झोप.”

“मंग?”

“मंग झोपली.”

त्यानंतर मैना उठली नव्हती, हे आम्हा दोघांनाही माहीत होतं.

“म्हंजे ती शुद्धीत होती,” मी म्हटलं.

“हाव बाबा. शुद्धीत होती.”

मी रडलो. लोकांसमोर, स्मशानात, तेराव्याला मी रडलो नव्हतो. पुरुषाची जात म्हणून आवरून धरलं होतं. त्या सकाळी पोरीपुढे तोंड झाकून रडलो. मैना जाण्याचं दुःख होतंच, पण ते एकट्यानं सोसता येत होतं. आता कळलं ते सोसवेना. मरता मरता तिनं देवाचं नाव घेतलं नाही, माझं घेतलं नाही. पोरीचं काम नीट झालं का एवढं विचारलं, आणि तिथेही आम्ही तिला झोप म्हटलं. माझ्या ‘लावली’वर तिचा विश्वास बसला नव्हता म्हणून तिनं विचारलं, की बसला होता आणि पोरीच्या तोंडून एकदा ऐकायचं होतं, हे आता मला कोण सांगणार? पिकतं तिथे विकत नाही म्हणतात. माझ्या घरात पिकलं, मी ते कुणाला दाखवलंही नाही.

रुपाली उठली, मला पाणी आणून दिलं, आणि पुन्हा खुर्चीवर बसली. तिनं पडद्यावर एक कोरा तक्ता उघडला. तक्रार लिहायचा तक्ता होता, इंग्रजीतला. कोणतं मशीन, कोणतं कार्ड, कितवा बोर्ड, चित्र किती लहान केलं की रेघ जाते, हे ती भराभर भरत गेली.

“सगळ्यात पहिले कोणाले दिसलं, ते लिहायले जागा आहे इथी,” ती म्हणाली. “तारीख सांगा.”

मी वही उघडून तारीख सांगितली.

“आई काय म्हणाली होती? जसंच्या तसं सांगा.”

मी सांगितलं. भोक मोठं दिसून राह्यलं. बाकीची सारखी आहेत. जवळून पाह्यलं तं गाठच दिसते, भोक नाई दिसत. ती एकेक वाक्य थांबून थांबून इंग्रजीत करत होती. एका ठिकाणी अडली, तेव्हा बोटांनी हवेत जाळं धरून पाहिलं आणि मग लिहिलं.

“अन् तुमी काय म्हटलं?”

“ते कायले?”

“सांगा ना.”

“चूप बस म्हटलं,” मी म्हणालो. “तुले यातलं काय समजते म्हटलं.”

तिनं तेही लिहिलं. मी विचारलं, हे पुण्याच्या लोकांना कशाला कळवतेस? माझी लाज वाटत होती असं नाही, लाज वाटायच्या पलीकडे मी गेलो होतो.

“पुढच्या टायमाले कोणी असं सांगतलं, तं त्याईनं उठून पाहावं म्हणून,” ती म्हणाली. त्याखाली तिनं आणखी एक ओळ लिहिली. ती लिहायला तिला सगळ्यात जास्त वेळ लागला. दवाखान्यात आईला ‘झोप’ म्हटलं ते असावं, मी विचारलं नाही.

मग तिनं फोनची तार काढून कॉम्प्युटरला जोडली. इंटरनेट लागताना होतो तो किरकिर आवाज खोलीत घुमत राहिला. लाइट जायला दहा मिनिटं होती.

“पाठवू का बाबा?”

“थांब,” मी म्हटलं. “नाव बरोबर लिहिलं का पाहू दे.”

मी उठलो, तिच्या खांद्यामागे उभा राहिलो आणि बोट फिरवत एकेक इंग्रजी अक्षर जुळवलं. मैना हेमराज भानारकर. रेशनकार्डावर तिचं नाव होतं आणि परवा गडचिरोलीहून आणलेल्या मृत्यूच्या दाखल्यावर होतं. तिसऱ्या ठिकाणी कुठे लिहिलेलं मी पाहिलं ते हेच.

“बरोबर आहे,” मी म्हटलं. “पाठव.”